थेरपीच्या घोड्यासाठी मदत करायचीय, घोडा द्यावा की पैसे?

प्रश्न असा आलाय: मुलगी सात वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पाय कडक. पुण्याजवळच्या एका सेंटरवर आठवड्यातून दोनदा घोड्यावरच्या थेरपीला जाते. सेंटरने पालकांना विचारलंय की चार-पाच घरं मिळून एका घोड्याचा वर्षाचा खर्च उचलाल का. मिस्टरांच्या मित्राकडे रेसमधून निवृत्त झालेला एक घोडा आहे, तो फुकट द्यायला तयार आहेत. मग पैसे द्यावेत की घोडाच द्यावा? आणि शेवटी जरा बिचकत विचारलंय की हे घोडे दिवसभर मुलांना पाठीवर घेऊन फिरतात, त्यांना त्रास होत नसेल का?

ताई, थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकते. पैसे द्या, घोडा नको. आणि तो शेवटचा प्रश्न तुम्ही बिचकत विचारला असला तरी माझ्या मते तोच पहिला आहे, त्याचं उत्तर कळलं की पैसे कशाला द्यायचे तेही कळतं. मी थेरपीच्या घोड्यांचं ट्रेनिंग आणि तबेला दोन्ही बघते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे बघा की तुमच्या मुलीला नेमका कशाचा फायदा होतो. घोड्याच्या चालीचा. घोडा साध्या कदम चालीत चालला की त्याची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे आणि थोडीशी फिरून अशी तिन्ही बाजूंनी हलते, आणि वर बसलेल्याची कंबरही तो तशीच हलवतो. आपण माणसं चालताना आपली कंबर जशी हलते, जवळपास तशीच. जी मुलगी स्वतःच्या पायांवर कधी नीट चाललेली नाही तिच्या अंगाला चालणं म्हणजे काय ते तिथे कळायला लागतं. घोड्याची मिनिटाला साधारण ५० ते ५५ पूर्ण पावलं पडतात म्हणजे चारही पाय एकेकदा, आणि दर वेळी कंबरेला दोन झोके, म्हणजे मिनिटाला शंभराच्या वर आणि अर्ध्या तासात ३००० च्या आसपास. कुठलाही फिजिओ टेबलवर झोपवून एवढ्या वेळा कंबर हलवून देऊ शकत नाही. त्यात घोड्याचं अंग आपल्यापेक्षा जरा गरम, ३८ अंशांच्या आसपास, पाय फाकवून बसल्यावर मांड्यांचे आवळलेले स्नायू हळूहळू सैल पडतात. खाली उतरल्यावर थोडा वेळ तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकत नाहीत हे तुम्ही बघितलं असेलच.

जादू मात्र नाहीये हं. बसण्याचा तोल, धडाचा ताबा यात चांगला फरक दिसतो, चालण्यात किती पडेल ते मुलामुलावर असतं, घरचे व्यायाम बंद करायचे नाहीत. कुणी तुम्हाला घोड्यावर बसवून सहा महिन्यांत चालायला लावतो म्हणालं तर तिथून निघा. आणि हो, हिप्सचा एक्सरे काढलाय ना? पाय कडक असलेल्या मुलांचं हिप हळूहळू खोबणीतून सरकू शकतं, सेंटरने तो न बघता घोड्यावर बसवलं असेल तर पुढच्या सेशनच्या आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखवून घ्या.

ही कल्पना काही नवी नाही. डेन्मार्कची लिस हार्टेल नावाची रायडर होती, १९४४ मध्ये गरोदर असताना तिला पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले, घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तिने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या स्पर्धेत, पुरुषांच्या बरोबरीने उतरून सिल्व्हर मेडल घेतलं, १९५६ ला परत घेतलं. तिच्यामुळे युरोपात लोकांनी या गोष्टीकडे गंभीरपणे बघितलं, आणि १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे याच्या राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडे उशिरा आलं आणि अजूनही विस्कळीतच आहे, त्यामुळे तपासून घ्यायची जबाबदारी पालकांवरच येऊन पडते.

तर चालीचा मुद्दा. समजा घोड्याचा पुढचा उजवा खूर दुखतोय. फार नाही, लंगडतोय असं कुणाच्या लक्षात येणार नाही एवढंच. तो त्या पायावर कमी वेळ टेकतो, पाठ त्या बाजूला आखडून धरतो, पावलं छोटी टाकतो. ते ३००० झोके तुमच्या मुलीच्या कंबरेपर्यंत वाकडेच पोचतात. जिचं शरीर आधीच एका बाजूला जास्त ओढलेलं आहे तिला आपण अर्धा तास वाकडं चालणं शिकवतोय. म्हणून मी म्हणते, नालबंदाचं बिल हे तुमच्या मुलीच्या थेरपीचंच बिल आहे. खूर दर पाच-सहा आठवड्यांनी कापायलाच लागतात, नाल असो वा नसो, आणि देणगी आटली की सगळ्यात आधी हीच तारीख पुढे ढकलली जाते, कारण आठ-दहा दिवसांनी काही बिघडत नाही असं वाटतं. बिघडतं. खुराचं टोक लांब झालं की घोडा अडखळायला लागतो, आणि पाठीवर तोल नसलेलं मूल असताना घोडा अडखळणं ही या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट.

सेंटरवर गेलात की घोड्याचे पाय बघा, लाजू नका. पुढचे दोन खूर एकाच मापाचे, एकाच कोनात दिसतात का, कडा फुटलेल्या आहेत का, खूर उचलून दाखवा म्हणावं. तळाशी मधे एक त्रिकोणी मऊ भाग असतो, त्याच्या बाजूच्या खाचांमधे काळं चिकट काही आणि सडका वास असेल तर खूर सडतोय. पावसाळ्यात पुणे-मावळ पट्ट्यात हे कुठल्याही तबेल्यात होऊ शकतं, त्यावरून लगेच सेंटर वाईट ठरवू नका, पण उपाय काय चाललाय ते विचारा. रोज दोनदा खूर खरवडून साफ करणं, कोरडी जागा, औषध, एवढंच लागतं, पण रोज लागतं.

आता त्रास होतो का. होऊ शकतो, न होताही हे काम करता येतं, आणि दोन्हीतला फरक बाहेरून बघणाऱ्याला दिसतो. वजनापासून सुरू करू. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं घ्यावं, खोगीर धरून, असा सर्वसाधारण अंदाज वापरतात. ३५० किलोच्या तट्टावर ७० किलो. तुमची मुलगी अठरा-वीस किलोची असेल, म्हणजे प्रश्नच नाही असं वाटेल. पण या कामात किलोपेक्षा ते किलो कुठे पडतात याला जास्त महत्त्व आहे. धडाचा ताबा नसलेला ४५ किलोचा पोरगा एका बाजूला कलून बसतो तेव्हा घोड्याच्या पाठीला तो ताठ बसलेल्या ६० किलोच्या रायडरपेक्षा जड जातो, ओलं गोणपाट एका खांद्यावर घेतल्यासारखं. त्यामुळे त्याच घोड्यावर लागोपाठ तीन अशी मुलं बसवायची नाहीत, दिशा सारखी बदलायची, आणि थेरपिस्टने मुलामागे घोड्यावरच बसायची जी पद्धत होती ती शक्यतो टाळायची, कारण ते वजन थेट कंबरेवर येतं जिथे घोड्याच्या पाठीला बरगड्यांचा आधार नसतो.

आणखी एक गोष्ट आहे जी पालकांना सहसा कुणी सांगत नाही. थेरपीचा घोडा दिवसभर सावकाश गोल गोल चालतो, त्यात त्याचे पाठीचे आणि पोटाचे स्नायू ढिले पडतात. मग पाठ खाली बसते, मग दुखते. म्हणून त्याला मुलांशिवायचं कामही लागतं, चांगला तोलाचा रायडर बसवून दुडकी, चढावर फिरवणं, जमिनीवर बांबू टाकून त्यावरून पाय उचलत नेणं, लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी फिरवणं. मी हे आठवड्यातून दोन-तीनदा तरी करून घेते आणि त्या दिवशी त्या घोड्याची सेशन्स कमी ठेवते. सेंटरला विचारा, मुलं नसतात तेव्हा घोडे काय करतात? "आराम करतात" असं उत्तर आलं आणि आराम म्हणजे दहा बाय दहाच्या खणात बांधून ठेवणं असेल तर तो आराम नाही. मोकळं सोडणं पाहिजे, शक्यतो दुसऱ्या घोड्यांसोबत, एकमेकांची मान खाजवता येईल असं. पुण्याच्या आसपास जागेचे भाव बघता कुणाकडेच कुरण नाही हे मला मान्य आहे, पण वाळूचा एक कुंपण घातलेला तुकडा आणि दिवसातले काही तास एवढं जमवता येतं.

चेहरा वाचायला शिका, अवघड नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे जातात, शेपटी फटकारतो, सईसच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसाच्या, बाहीला दात लावतो, म्हणजे पाठ किंवा पोट दुखतंय किंवा तंग चुकीचा बसतोय. डोळ्यांच्या वर खळगा ताणल्यासारखा दिसतो, नाकपुड्या चिमटल्यासारख्या, तोंड घट्ट मिटलेलं. मुलं चढवायच्या रॅम्पजवळ न्यायला लागलं की पाय रोवतो. ही सगळी बोलण्याचीच भाषा आहे आणि चांगल्या सेंटरमध्ये असं दिसलं की त्या दिवसाचं सेशन दुसऱ्या घोड्यावर जातं किंवा रद्द होतं. रद्द झालं तर चिडू नका प्लीज, पालक चिडतात म्हणून घोडा नको म्हणत असताना पुढे रेटला जातो हे मी बघितलंय.

यापेक्षा फसवं असतं ते अतिशांत घोड्याचं. कान हलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून उभा, जवळ गेलं तरी वळून बघत नाही, माशी बसली तरी कातडी हलवत नाही. लोक म्हणतात किती गरीब घोडा आहे, मुलांसाठी अगदी बेस्ट. तो गरीब नसतो, तो मनाने बंद पडलेला असतो, सांगून काही उपयोग होत नाही हे त्याला कळून चुकलेलं असतं. थेरपीचा चांगला घोडा जागा असतो, बाजूने चालणाऱ्या माणसाकडे एक कान, मुलाने ओरडलं की थांबतो, मूल एका बाजूला घसरायला लागलं की काही घोडे स्वतःहून त्या बाजूला सरकून त्याच्या खाली येतात. असा घोडा तयार व्हायला महिने लागतात, व्हीलचेअर, कुबड्या, बॉल, फुगे, अचानक किंचाळणं, रॅम्पशी पुतळ्यासारखं उभं राहणं, सगळं एकेक करून.

तर आता तुमच्या मित्रांचा रेसचा घोडा. त्यांची भावना चांगली आहे, पण थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, साधारण १६ हात उंच, म्हणजे खांद्याशी १६० सेंटीमीटरच्या वर. तुमच्या मुलीच्या दोन्ही बाजूंनी जी माणसं चालतात त्यांना तिची मांडी आणि कंबर धरायची असते, अर्धा तास, हात वर करून. १६ हातांच्या घोड्यावर ते शक्यच नाही, हात भरून येतात आणि नेमकं लागेल तेव्हा पकड सुटते. मला १३ ते १४ हातांचं, अरुंद पाठीचं, ठेंगणं जनावर लागतं, अरुंद अशासाठी की मांड्या आवळलेल्या मुलाला रुंद पाठीवर बसवलं तर हिप्सवर ताण येतो. आपल्या दख्खनचं भीमथडी तट्टू या मापाच्या जवळपास बसतं, काटक असतं, खूर चांगले, आणि आता त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळालीय, पण चांगलं माणसाळलेलं मिळणं अवघड आहे.

उंची सोडली तरी रेसच्या घोड्यांच्या पायांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे पट्टे, बहुतेक वेळा कधीतरी दुखावलेले असतात, पोटात अल्सर फार कॉमन, खुरांचे तळवे पातळ, आणि डोक्यात एकच गोष्ट भरलेली की पाठीवर वजन आलं म्हणजे पळायचं. काही घोडे वर्षभर नुसतं मोकळं ठेवल्यावर अगदी सोन्यासारखे निघतात, वय झालेले, खच्ची केलेले, पण ते आधी कळत नाही आणि तोपर्यंत त्याला पोसायचं कुणी? घोडा २५-३० वर्षं जगतो. दहा वर्षांचा घोडा फुकट मिळाला म्हणजे पंधरा-वीस वर्षांचा खर्च मिळाला. मित्रांना सांगा, तो घोडा सुट्टीत ठेवायला एखादी शेताची जागा शोधा किंवा एखाद्या रायडिंग क्लबशी बोला.

काही पालक म्हणतात मग आम्ही सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या यात्रेतून छान तट्टू घेऊन देतो. तेही नको. यात्रेत देशभरातून घोडे येतात आणि त्यांच्याबरोबर रोगही येतात. ग्लँडर्स नावाचा एक आजार आहे, नाकातून पू, अंगावर गाठी, पण कधी कधी बाहेरून काहीच दिसत नाही, आणि तो माणसालाही होतो. नवीन घोडा आला की तीनेक आठवडे तरी बाकीच्यांपासून वेगळा ठेवायचा आणि सरकारी पशुवैद्यकामार्फत रक्ताचा नमुना तपासायला पाठवायचा, हिसारला घोड्यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे तिथे. पॉझिटिव्ह आला तर २००९ च्या कायद्याप्रमाणे त्या घोड्याला मारावं लागतं, उपचार करत बसता येत नाही. सेंटरवर लहान मुलं येतात, त्यातली काही आधीच नाजूक तब्येतीची, त्यामुळे हे टाळून चालत नाही. तुमच्या सेंटरच्या घोड्यांचे रिपोर्ट बघायला मागा, ग्लँडर्सचा, आणि धनुर्वात-रेबीजच्या लसींची नोंद. धनुर्वात घोड्याला आपल्यापेक्षा फार सहज होतो, एक गंजका खिळा पुरतो.

वरातीच्या घोड्या पण लोक सुचवतात. बँड आणि डीजेची त्यांना भीती नसते हे खरं, आमच्याकडच्या सगळ्यात गोंगाटी पोराचंही त्यांना काही वाटत नाही. पण बहुतेकींच्या तोंडात काटेरी लगाम घातलेला असतो, जो कायद्याने बंद आहे तरी सर्रास चालतो, त्यामुळे तोंडाजवळ हात नेला की डोकं झटकतात. लहान मुलाचा हात आधी तोंडाकडेच जातो. महिनोन्‌महिने नुसतं तोंडाला हात लावू देण्यात जातात.

आता खर्चाकडे येते. रुपयात आकडा सांगत नाही, चाऱ्याचा भाव तालुका बदलला की बदलतो, किलोत सांगते म्हणजे तुम्ही तुमच्याकडच्या भावाने गुणाकार करा. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के वाळलेला चारा लागतो. ३५० किलोच्या तट्टाला सहा-सात किलो रोज, महिन्याला २०० किलो, वाया जाणारा धरून अजून थोडा. हा त्याच्या जेवणाचा पाया, त्यात काटकसर केली की पोटशूळ ठरलेला. घोड्याचं आतडं दिवसभर थोडं थोडं खाण्यासाठी बनलंय, चार-पाच तास रिकामं राहिलं तरी आम्ल चढतं. वरून चंदी, म्हणजे ओट, जव, भिजवलेला हरभरा, काम असेल तेवढीच, थेरपीचं काम हलकं असतं, एक-दीड किलो पुष्कळ. लोक प्रेमाने चंदी वाढवतात आणि चारा कमी करतात, हे अगदी उलटं आहे. मग घोडा एकतर उधळतो नाहीतर खुरांच्या आत सूज येऊन त्याचे पाय धरतात.

देशावर अजून दोन सवयी आहेत ज्या मला अजिबात आवडत नाहीत. एक म्हणजे गव्हाचा कोंडा बादली बादली घालणं. कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नगण्य, महिनोन्‌महिने घातला तर घोडा हाडातलं कॅल्शियम काढून वापरतो, जबड्याची हाडं सुजतात, चाल बिघडते, परत आलोच आपण चालीवर. थोडा लसूणघास दिला की हे बरंच सावरतं. दुसरी म्हणजे उसाचं वाढं, स्वस्त पडतं म्हणून. त्यात ऑक्झलेट असतं, तेही कॅल्शियमच खातं. आणि हिरवी कोवळी ज्वारी तर घोड्यासमोर टाकायचीच नाही, विषबाधा होते. सेंटरच्या चाऱ्याच्या खोलीत एकदा डोकावा, चारा कोरडा आहे का, मूठभर घेऊन वास घ्या, बुरशीचा कुबट वास आला किंवा धूळ उडाली तर तो चारा कितीही स्वस्त मिळालेला असला तरी महागच पडणार, कारण घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं त्याला स्वतःहून बाहेर टाकता येत नाही.

यातून तुमच्या मदतीसाठी एक कामाची गोष्ट निघते. डोंगरी गवत दसरा-दिवाळीनंतर कापलं जातं, तेव्हा भाव उतरलेले असतात आणि माल कोरडा असतो. त्याच वेळी हातात रक्कम असेल तर वर्षाचा साठा घेता येतो, नाहीतर जूनमध्ये दुप्पट भावाने भिजलेलं गवत घ्यावं लागतं. म्हणून चार-पाच घरं मिळून देणार असाल तर दोन भाग करा, एक मोठा हप्ता दिवाळीच्या सुमारास चाऱ्यासाठी आणि बाकी दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, कितीही छोटा असला तरी. वाढदिवसाला एकदम मोठी रक्कम आणि मग आठ महिने शांतता, यापेक्षा महिन्याचे ठरलेले थोडे पैसे सेंटर चालवणाऱ्याला जास्त कामाचे असतात. त्यावर तो नालबंदाची तारीख पक्की करू शकतो.

उन्हाळ्याबद्दल एवढंच की एप्रिल-मेमध्ये सेशन सकाळी नऊच्या आत संपायला हवं किंवा संध्याकाळी पाचनंतर, पाणी चोवीस तास समोर, आणि मिठाचा खडा. एक घोडा दिवसाला ३०-४० लिटर सहज पितो, गरमीत जास्त, त्यामुळे टँकरचं बिल हेही घोड्याचंच बिल आहे. पावसाळा संपताना मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा होतो, ताप येतो-जातो आणि घोडा वाळत जातो, तेव्हा रक्त तपासून घ्यायचं. दात वर्षातून एकदा तरी घासून घ्यायला लागतात, जंताचं औषध शक्यतो लीद तपासून. हे सगळं सेंटरच्या वहीत लिहिलेलं असायला हवं, घोडागणिक एक पान. वही नसेल तर तुमच्या मदतीची सुरुवात वहीपासून करा, खरंच.

एक वेगळा डबा इमर्जन्सीचा. घोड्याला रात्री दोनला पोटशूळ होतो, दुपारी कधी होत नाही असं वाटावं इतका. जमीन उकरतो, पोटाकडे वळून बघतो, लोळतो, लीद टाकत नाही. तेव्हा घोड्यांचा डॉक्टर लागतो, गाईम्हशींचा डॉक्टर चांगला असला तरी याला घोड्याचा हात लागतो, आणि असे डॉक्टर मुख्यतः पुणे-मुंबईच्या रेसकोर्सच्या आसपास. ते येतात, पण फी आणि सलाईन-औषधं धरून एका रात्रीत महिन्याच्या चाऱ्याचे पैसे जातात. तो डबा आधीच भरलेला असेल तर सेंटरवाला फोन करायला सकाळपर्यंत थांबत नाही.

आणि सईस. सगळ्यात कमी बोललं जातं ते त्यांच्याबद्दल. घोड्याने सकाळी चंदी अर्धी टाकली, लीद नेहमीपेक्षा सुकी आहे, डावा मागचा पाय जरा गरम लागतोय, हे सगळं डॉक्टरच्या आधी सईसला कळतं. एका माणसाकडे तीन घोडे असले तर तो खरारा करताना हात फिरवून सगळं बघतो, सात असले तर फक्त शेण-लीद उचलण्यात दिवस जातो. तुमच्या सेंटरच्या सईसला महिन्याला पगार वेळेवर मिळतो का, आठवड्याची सुट्टी आहे का, सुट्टीच्या दिवशी कोण येतं, त्याचा अपघात विमा आहे का, हे विचारायला पालकांना ऑकवर्ड वाटतं पण विचारा. मला तर वाटतं चार घरं मिळून अर्धा पगार उचलला तरी घोड्याला दत्तक घेण्याइतकंच काम होईल, फक्त फोटोत तेवढं छान दिसत नाही. मुलीला घोड्यावर चढवताना त्याचं नाव घेऊन दादा म्हणायला शिकवा, तेही चालेल.

पैसे देण्याआधी आणखी एक विचारून घ्या, हा घोडा म्हातारा झाला की कुठे जाणार? साधारण विशीनंतर बहुतेकांचं काम कमी करावं लागतं. काही सेंटर्स त्यांना ठेवून घेतात, काही शेतावर पाठवतात, आणि काही गुपचूप विकून टाकतात आणि मग तो चौपाटीवर नाहीतर एखाद्या हिल स्टेशनवर सवारीला लागतो. लेखी काही असेल तर बघा, नसेल तर पालकांच्या मीटिंगमध्ये काढा विषय, पैसे देणारे तुम्ही आहात म्हटल्यावर ऐकतील. तुमच्या देणगीतला ठराविक भाग निवृत्त घोड्यासाठी बाजूला ठेवा असंही सांगता येतं.

मुलीला स्वतःला काही करायचं असेल तर तिला सेशनच्या आधी दहा मिनिटं खरारा करू द्या, खांद्यापाशी, सईस डोक्याशी उभा असताना. हात वर नेऊन ब्रश ओढणं हा तिच्या खांद्यांनाही व्यायाम आहे आणि घोड्याला बहुतेक वेळा आवडतं. नाही आवडलं तर तो कातडी थरथरवेल, मग थांबायचं, तिलाही ते ओळखता येईल. गाजरं नेत असाल तर उभी लांब चिरून न्या, गोल चकत्या घशात अडकतात, आणि ती बादलीत टाकायला सांगा. हातातून खायची सवय लागली की घोडा प्रत्येक मुलाच्या खिशात तोंड घालतो, आणि व्हीलचेअरवरच्या मुलाला मागे सरकता येत नाही.